डब्यात वेगळा, गाडीत एकत्र: कचऱ्याची जबाबदारी सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
स्थानिक स्वराज्य संस्थांच्या घनकचरा विभागांचे अधिकारी, अभियंते आणि लोकप्रतिनिधी

महोदय, महोदया,

ओला आणि सुका कचरा वेगळा करा, असे आवाहन नागरिकांना वर्षानुवर्षे केले जात आहे. बरीच घरे ते मनापासून पाळतातही. मग गाडी दारात येते आणि दोन्ही डबे एकाच हौद्यात रिकामे होतात. हे ज्या दिवशी घरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर घडते, त्या दिवसापासून त्या घरातले वर्गीकरण संपते. पुढे कितीही पत्रके वाटली, भिंती रंगवल्या, तरी ते परत सुरू करणे फार अवघड जाते. म्हणून हे पत्र नागरिकांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत. आमचे मागणे एकच आहे: ओला कचरा घराच्या डब्यापासून खतप्रकल्पाच्या ओट्यापर्यंत, मध्ये एकदाही न मिसळता, स्वतंत्र जाऊ द्या. बाकीचे बहुतेक प्रश्न या एका गोष्टीला बांधलेले आहेत.

जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१६ साली जगभरात सुमारे २०१ कोटी टन नागरी कचरा निर्माण झाला, आणि त्यातल्या किमान ३३ टक्के कचऱ्याची विल्हेवाट सुरक्षितपणे लागली नाही. त्याच अहवालात कचऱ्याची घटकवार विभागणी आहे. अन्न आणि हिरवा कचरा मिळून ४४ टक्के, म्हणजे सर्वांत मोठा वाटा ओल्याचाच. कमी उत्पन्नाच्या देशांत हा वाटा निम्म्याच्याही वर जातो. कुजणे, वास, माश्या, गळणारे काळे पाणी, मिथेन हे सगळे या ओल्या भागातून येते. कागद, काच, धातू आणि प्लास्टिक कोरडे राहिले तर सडत नाहीत. ते खरकट्यात लडबडले की मात्र त्यांचीही किंमत जाते. भिजलेला पुठ्ठा कागद कारखाना घेत नाही. आतून बुरशी आलेली बाटली धुण्याचा खर्च तिच्या किमतीहून जास्त होतो. उलट बाजूनेही नुकसान तेवढेच. फुटलेल्या काचेचे बारीक कण आणि चिरडलेल्या बॅटरीतले जड धातू एकदा ओल्यात गेले की कोणत्याही चाळणीने पूर्ण निघत नाहीत, आणि ते खत शेतात टाकण्यालायक उरत नाही.

दाबून भरणाऱ्या मोठ्या गाडीत, म्हणजे कॉम्पॅक्टरमध्ये, काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. लोखंडी पाते मागून कचरा आत ओढते आणि पुढच्या पत्र्यावर दाबते. या एका दाबात पिशव्या फुटतात, खरकट्यातले पाणी सुटते आणि ते शेजारच्या कागदात, कापडात, गादीच्या कापसात शोषले जाते. काच फुटते. प्लास्टिकच्या पातळ पिशव्या भाजीच्या देठांभोवती घट्ट गुंडाळल्या जातात. गाडी रिकामी होते तेव्हा बाहेर पडतो तो एकजीव लगदा. यानंतर कोणी कितीही महागडे यंत्र बसवून तो वेगळा करू म्हणाले, तरी त्यातून स्वच्छ कागद परत येत नाही. मिश्र कचरा घेऊन नंतर यंत्राने वेगळा करण्याचे प्रस्ताव तुमच्यापुढे वारंवार येतात. ते वाचताना हा लगदा डोळ्यांसमोर ठेवा, एवढी विनंती आहे.

आता गाडीकडे येऊ, कारण साखळी बहुतेक वेळा तिथेच तुटते. छोट्या घंटागाडीच्या हौद्यात मधोमध पत्रा घालून दोन सारखे कप्पे केले जातात आणि वर्गीकरणाची सोय झाली असे कागदावर नोंदवले जाते. हा हिशेब मुळातच चुकतो. सैल भरलेला ओला कचरा घनमीटरमागे साधारण ३०० ते ५०० किलो भरतो. सैल सुका ५० ते १००. दोन्हींचे वजन सारखे धरले तरी सुक्याला चार-पाच पट जागा लागते. त्यामुळे फेरी निम्मी होण्याआधीच सुक्याचा कप्पा शिगोशीग भरतो, ओल्याचा अर्धा रिकामा असतो आणि पुढच्या गल्लीत कर्मचारी उरलेला सुका ओल्यात टाकतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या हातात तेवढी एकच रिकामी जागा उरलेली असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, कप्प्यांचे प्रमाण आपल्या भागात प्रत्यक्ष आठवडाभर मोजून ठरवणे, सुक्यासाठी उंच जाळी लावणे आणि सुका मधल्या ठिकाणी उतरवून घेण्याची व्यवस्था करणे. दुसरा उपाय आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो: दिवस वाटून देणे. ओला रोज, सुका आठवड्यातून दोनदा आणि त्या दिवशी सुक्यासाठी वेगळी गाडी. सुका घरात तीन दिवस राहिला तरी बिघडत नाही. ओल्याचे तसे नाही. उष्ण हवेत घरमाशीच्या अंड्यातून अळी एका दिवसाच्या आत बाहेर येते, आणि अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. पूर्ण वाढलेल्या अळ्या कोशात जाण्यासाठी त्याआधीच कचऱ्यातून बाहेर पडून कोरड्या जागी सरकतात. म्हणून ओल्याच्या दोन फेऱ्यांमधले अंतर चार दिवसांवर गेले, की फवारणी करूनही माश्या कमी होत नाहीत. माश्यांची तक्रार आली तर औषधाआधी गाडीच्या फेऱ्यांची नोंदवही तपासा.

गाडीच्या तळाला गळती साठवणारी बंद टाकी हवी, तिला झडपेचा नळ हवा, आणि तो प्रकल्पावरच उघडला पाहिजे. ही टाकी नसली किंवा झडप सडलेली असली, की रस्त्यावर काळ्या पाण्याची रेघ उमटते. लोकांचा त्या गाडीवरचा विश्वास तिथेच उडतो. सार्वजनिक कुंड्यांबद्दलही थोडे सांगायला हवे. जिथे दारोदार गाडी जाते तिथे कोपऱ्यावरची कुंडी ठेवू नये. ती असली की वर्गीकरण चुकवण्याचा सोपा मार्ग उपलब्ध राहतो, आणि काही दिवसांत कुंडीपेक्षा तिच्या भोवतीचा ढीग मोठा होतो. पण कुंडी हलवण्याआधी गाडीची वेळ सांभाळली गेली पाहिजे. कामावर लवकर जाणाऱ्यांसाठी सकाळी लवकरची किंवा संध्याकाळची एक फेरी ठेवली नाही, तर कुंडी गेल्यावरही ढीग त्याच जागी पडत राहील.

घराच्या पातळीवर सूचना मोजक्या आणि नेमक्या असाव्यात. ओल्याच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी लावायची नाही. हवा तर तळाला कागद घालावा. खरकट्यातले पाणी चाळणीतून निथळूनच डब्यात टाकावे, कारण ओलावा कमी झाला की वास आणि वजन दोन्ही उतरतात. दुधाची वा तेलाची पिशवी एकदा विसळून, वाळवून सुक्यात टाकावी. पिशवी कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नये. सुटलेला तो छोटा तुकडा कोणत्याही केंद्रात हाती लागत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून, तिसऱ्या डब्यात ठेवावेत. त्यांतला शोषक पदार्थ कुजत नाही, वरचा थर प्लास्टिकचा असतो आणि वर्गीकरण करणाऱ्या व्यक्तीचा हात थेट रक्ताला वा विष्ठेला लागतो. ओल्यातही नाही आणि सुक्यातही नाही, अशी त्यांची स्वतंत्र जागा आहे.

चौथा गट लहान पण धोक्याचा: बॅटऱ्या, ट्यूबलाइट, सुया, ब्लेड, मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, दाबाने भरलेले स्प्रे. लिथियम बॅटरी दाबली वा टोचली गेली की आतले थर एकमेकांना भिडतात, उष्णता वाढत जाते आणि ती पेट घेते. कचऱ्याच्या गाड्यांना आणि सुक्या कचऱ्याच्या गोदामांना लागणाऱ्या आगींचे हे एक मोठे कारण आहे. जमा करण्यापूर्वी तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावायला सांगा आणि केंद्रावर त्या कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात ठेवा. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. ती अखंड राहील अशा उभ्या खोक्यात घ्या. सुया जाड, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, झाकण बंद करून. या गटासाठी रोज गाडी लागत नाही. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी संकलन आणि औषध दुकानांत वा शाळांत जमा करण्याची सोय पुरते. मात्र तो दिवस एकदाही चुकवू नये.

वर्गीकरण किती होते हे विचारले की विभागांकडून बहुतेकदा टक्केवारी येते, आणि ती गाडीवरच्या माणसाने अंदाजाने भरलेली असते. मोजायची पद्धत अवघड नाही. एका मार्गाची ओल्याची गाडी ताडपत्रीवर रिकामी करा. फावड्याने ढीग नीट कालवून शंकूसारखा रचा, वरून सपाट करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन भाग काढून टाका आणि उरलेले दोन पुन्हा कालवा. सुमारे १०० किलो उरेपर्यंत हे करत राहा. मग हाताने वेचून प्लास्टिक, काच, कापड, सॅनिटरी, धातू यांचे वेगवेगळे वजन करा. ओल्यातली भेसळ ५ टक्क्यांच्या आत असेल तर त्या मार्गाचे खत चांगले होणार. १५-२० टक्क्यांवर गेली तर खतप्रकल्पात पाठवण्याआधी त्या मार्गावर काम करायला हवे. प्रत्येक मार्गाची अशी तपासणी महिन्यातून एकदा, आधी न कळवता झाली, तर कोणत्या गल्लीत कोणाशी बोलायचे हे नावानिशी कळते. गावभर एकच सरसकट मोहीम राबवण्यापेक्षा याचा परिणाम कितीतरी जास्त होतो.

आता कंत्राटाकडे वळू. वाहतुकीचे पैसे टनावर दिले जातात, तोवर कचरा जितका जड आणि जितका जास्त, तितका ठेकेदाराचा फायदा. मग राडारोडा, माती, गटाराचा गाळ हे सगळे कचऱ्याच्या गाडीतून वजनकाट्यावर जाते. ठेकेदाराला वर्गीकरणाचा तोटाच होतो, कारण वेगळा केलेला ओला जवळच्या प्रकल्पावर थांबतो आणि डेपोपर्यंतचे, म्हणजे कचरा शेवटी टाकला जातो त्या जागेपर्यंतचे, टन कमी होतात. निविदेतच मोबदला बदला: सेवा दिलेल्या घरांच्या संख्येवर काही भाग, वेगळ्या मिळालेल्या ओल्या-सुक्यावर काही भाग, आणि डेपोवर जाणारे वजन महिन्यागणिक घटले तर बक्षीस. मिसळलेली गाडी प्रकल्पावर आली तर दंड, पण तो ठेकेदाराला. मुकादमाच्या किंवा कर्मचाऱ्याच्या पगारातून तो कापला जाणार नाही, हे कलम स्पष्ट लिहा. राडारोड्यासाठी वेगळी गाडी आणि वेगळी जागा ठेवा. तो दळून भरावासाठी वापरता येतो आणि कचऱ्यात मिसळला की खत आणि इंधन दोन्ही बिघडवतो.

खतप्रकल्पावर आम्ही थोडे विस्ताराने लिहीत आहोत, कारण बंद पडलेल्या प्रकल्पांकडे बोट दाखवूनच ‘खत होत नाही’ असे म्हटले जाते. खत होते. मात्र त्याच्या अटी जैविक आहेत आणि त्या फायलीवरच्या सहीने बदलत नाहीत. जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात लागतात. खरकटे आणि भाजीचा कचरा यांत नायट्रोजन जास्त; त्यांचे प्रमाण १५ ते २० च्या आसपास. कोरड्या पानांचे ४० ते ८०, लाकडाच्या भुशाचे काही शे. म्हणजे एका घमेल्याला दोन घमेली कोरडी पाने मिसळली, की प्रमाण जुळते आणि ढिगात हवा खेळायला पोकळ्याही राहतात. नुसते खरकटे रचले तर ते स्वतःच्या वजनाने बसते, पोकळ्या बंद होतात, प्राणवायू संपतो आणि सडक्या अंड्यासारखा व आंबट वास सुरू होतो.

बागा आणि रस्ते झाडून गोळा केलेला पालापाचोळा अनेक ठिकाणी कडेला जाळला जातो, आणि त्याच गावातला खतप्रकल्प कोरड्या मालाअभावी वासाने बंद पडतो. दोन विभाग एकाच कार्यालयात बसतात. उद्यान विभागाने पाने पोत्यांत भरून प्रकल्पावर टाकायची, एवढा एक लेखी आदेश निघाला तर धूर आणि वास दोन्ही कमी होतील. पानगळ वर्षभर सारखी नसते, म्हणून पानांचा साठा छपराखाली कोरडा ठेवावा लागतो. त्याला आग लागू नये म्हणून साठ्याचे छोटे गट करून मध्ये अंतर ठेवा.

ओलावा ५० ते ६० टक्के हवा. त्याला यंत्र लागत नाही: ढिगाच्या एक हात आतला मूठभर माल घट्ट पिळा. बोटांतून दोन-चार थेंब आले आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकला तर बरोबर. धार लागली तर ओले. पाने घाला, परता. गोळा लगेच विस्कटला तर कोरडे, पाणी शिंपडा. ढीग १.५ मीटर उंच आणि तळाला ३ मीटर रुंद असावा. त्याहून लहान ढीग उष्णता धरत नाही, आणि फार उंच ढिगाच्या गाभ्यात हवा पोहोचत नाही. दांडीचा तापमापक ६० सेंटिमीटर आत घालून रोज एकाच वेळी नोंद करा. दोन-तीन दिवसांत ५५ अंशांवर तापमान गेले पाहिजे. उघड्यावरच्या ढिगांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा निकष असा आहे की ५५ अंश किंवा त्याहून अधिक तापमान १५ दिवस टिकावे आणि त्या काळात ढीग किमान पाच वेळा परतला जावा. त्याने रोगजंतू आणि तणांचे बी मरते. ६५-७० च्या वर गेले तर उपयोगी जिवाणूही मरू लागतात, तेव्हा लगेच परता. परतताना बाहेरचे आत आणि आतले बाहेर गेले पाहिजे. जेसीबीने ढीग नुसता एका जागेवरून दुसरीकडे ढकलला तर ते परतणे होत नाही.

महिना-सव्वा महिन्यात ढिगाची उष्णता उतरते. मग आणखी महिनाभर तो सावलीत पिकू द्यावा. ४ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळल्यावर वर राहिलेला जाडा माल नव्या ढिगात घालावा, त्यात जिवाणू भरपूर असतात. खत तयार झाले की नाही हे पाहायला थोडे ओलसर खत बंद पिशवीत तीन-चार दिवस ठेवा. उघडल्यावर आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर ते कच्चे आहे. कच्चे खत शेतकऱ्याला दिले आणि त्याच्या रोपांची मुळे जळाली, तर तो पुन्हा कधीच नेणार नाही.

प्रकल्प बंद पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण जागेच्या चुकीच्या हिशेबात असते. हिशेब मांडून बघा. रोज १ टन ओला आला, त्यात पाने मिसळून साधारण ४ घनमीटर होतात. ३० दिवसांचे १२०. आक्रसणे धरून ८० ते ९० घनमीटर माल कायम उभा. वरच्या मापाच्या ढिगात एका मीटर लांबीमागे जेमतेम ३ घनमीटर मावते. म्हणजे ३० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद ओळ, आणि तिच्या बाजूने परतण्यासाठी तेवढीच मोकळी जागा. झाले १८० चौरस मीटर. पिकवण, चाळणी, पाने आणि आवक धरून दुप्पट. रोजच्या एका टनाला सुमारे ४०० चौरस मीटर, पक्क्या उताराचा ओटा, गळती साठवण्याचा हौद आणि पावसापासून छप्पर. एवढी जागा नसताना ५ टनांचा प्रकल्प १ टनाच्या ओट्यावर मंजूर होतो. मग ढीग ३ मीटरवर चढतो, परतायला जागा उरत नाही, वास सुटतो, शेजारी मोर्चा काढतात आणि दाराला कुलूप लागते. यात शेजाऱ्यांची काही चूक नाही. चूक मंजुरीच्या दिवशीच झालेली असते.

जिथे एकाच जातीचे भरपूर खरकटे मिळते, म्हणजे भोजनगृहे, वसतिगृहे, बाजार, तिथे बायोगॅस खतापेक्षा सरस ठरतो. टनामागे साधारण ८० ते १०० घनमीटर गॅस मिळू शकतो. टाकीतले तापमान ३५ ते ३८ अंश आणि सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ६.८ ते ७.४ सांभाळावा लागतो. उद्घाटनाच्या आठवड्यात उत्साहाने पूर्ण क्षमतेचा माल घालणे हीच इथली ठरलेली चूक. आम्ल तयार करणारे जिवाणू भराभर वाढतात, मिथेन तयार करणारे सावकाश. सामू घसरतो आणि ज्योत लागेनाशी होते. एक-चतुर्थांश मालापासून सुरुवात करून दीड-दोन महिन्यांत वाढवत न्या, आणि सामू ६.८ च्या खाली आला की खाद्य थांबवा.

सुक्याचे काम ओल्यामानाने सोपे आहे, तो कोरडा आला तर. वर्गीकरण केंद्रावर छप्पर, कमरेइतक्या उंचीचे टेबल, भरपूर उजेड, वजनकाटा आणि गठ्ठे बांधणारे यंत्र एवढे पुरते. पाण्यात टाकले की पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) आणि पीव्हीसी (नळांचे प्लास्टिक) बुडतात. बुडणाऱ्या या दोघांना पाणी वेगळे करू शकत नाही. तिथे अनुभवी नजर लागते. पीईटी २५० अंशांच्या पुढे वितळते आणि पीव्हीसी त्याआधीच विघटित होऊन आम्ल सोडते, त्यामुळे थोड्याशा भेसळीनेही अख्खा घाणा पिवळा पडतो. ही नजर कचरावेचकांकडे आहे. केंद्र त्यांच्या गटांना चालवायला द्या. ओळखपत्र, हातमोजे, बूट, धनुर्वाताची लस, आरोग्य तपासणी आणि विकलेल्या मालावरचा हक्क हे करारात लिहा. आजवर त्यांनी गोळा केलेला माल डेपोवर गेला नाही, याचा मोबदला त्यांना कोणी दिलेला नाही. अनेक थर एकत्र चिकटवलेली चकचकीत वेष्टणे मात्र त्यांनाही विकता येत नाहीत; ती कोरडी, गठ्ठे बांधून सिमेंट भट्टीला पाठवावीत आणि त्याचा खर्च ती बनवणाऱ्यांकडून वसूल व्हावा.

जाळून वीज करण्याच्या प्रस्तावांबद्दल एकच कसोटी सांगतो. जागतिक बँकेच्या १९९९ च्या तांत्रिक मार्गदर्शिकेनुसार अशा भट्टीला येणाऱ्या कचऱ्याचे सरासरी निम्न उष्मांक मूल्य, म्हणजे एक किलो जळून हाती येणारी उष्णता, वर्षभरात किमान ७ मेगाज्यूल प्रतिकिलो हवे आणि कोणत्याही ऋतूत ते ६ च्या खाली जाता कामा नये. आपल्या मिश्र कचऱ्याचे पावसाळ्यातले नमुने तपासून घ्या. निम्म्याहून अधिक पाणी असलेला कचरा जळण्यासाठी आधी स्वतःच इंधन मागतो. त्यातून धूर शुद्ध करण्याची यंत्रणा आणि विषारी उडती राख टाकण्याची सुरक्षित जागा नसेल, तर पुढची चर्चा करूच नये.

उघड्यावर जाळणे कोणत्याही प्रमाणात, कोणत्याही कारणाने थांबलेच पाहिजे. उघड्या आगीत तापमान कमी आणि हवा अपुरी असते. क्लोरीन असलेले प्लास्टिक, ओला कागद आणि अर्धवट ज्वलन यांतून डायॉक्सिन ही अत्यंत विषारी रसायने तयार होतात. २००१ च्या स्टॉकहोम कराराने उघड्यावर कचरा जाळणे हा त्यांचा स्रोत म्हणून नोंदवला आहे. डेपोवरची आग तर वेगळीच. आत कुजणारा ओला उष्णता आणि मिथेन देतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की तो पेटतो. आग पृष्ठभागाखाली महिनोन्महिने धुमसते. वरून ओतलेले पाणी तिच्यापर्यंत न पोहोचता गळतीच वाढवते. आगीची जागा खोदून, पातळ पसरून विझवणे किंवा मातीने दाबून हवा तोडणे हेच उपाय. ती लागूच नये म्हणून रोज संध्याकाळी १५ सेंटिमीटर मातीचा थर हवा.

ढिगाच्या उताराकडे दुर्लक्ष झाले तर माणसे मरतात. फिलिपिन्समधील पायातास येथे १० जुलै २००० रोजी सलग पावसानंतर कचऱ्याचा डोंगर घसरला आणि २०० हून अधिक लोक गाडले गेले. इंडोनेशियातील लेउविगाजा येथे २१ फेब्रुवारी २००५ रोजी तीन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर ढीग वस्तीवर आला. १४० हून अधिक मृत्यू. पावसाचे पाणी ढिगात मुरते, वजन वाढते, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पकड सुटते. तुमच्या डेपोचा उतार १ ला ३ (एक मीटर उंचीला तीन मीटर आडवे अंतर) पेक्षा खडा असेल, पायथ्याला घरे असतील आणि वर भेगा दिसत असतील, तर पावसाळ्याआधी पायथा मोकळा करणे हे पहिले काम. भूजलासाठी तळाला ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती आणि त्यावर १.५ मिलिमीटर जाडीचा एचडीपीई (दाट प्लास्टिकचा) पडदा, गळतीच्या नळ्या आणि शुद्धीकरण नसेल तर ती जागा भरावभूमी म्हणवून घेण्यालायक नाही, आणि तिथे ओला कचरा टाकणे थांबले पाहिजे.

या पत्रावर कृती करायची तर सुरुवात लहान असू द्या: एक प्रभाग, त्यातले दोन मार्ग, तीन महिने. ओल्याच्या आणि सुक्याच्या वेगळ्या गाड्या, वर सांगितलेली तपासणी, पानांचा पुरवठा आणि पुरेशा जागेचा एक ओटा. त्या तीन महिन्यांत पाच आकडे दर आठवड्याला कार्यालयाच्या दारावर आणि संकेतस्थळावर लावा: सेवा दिलेली घरे, वेगळा आलेला ओला, त्यातल्या भेसळीची टक्केवारी, विकलेला सुका आणि डेपोवर गेलेले टन. आकडे वाईट आले तरी लावा. भेसळ कोणत्या मार्गावर वाढली हे लोकांना दिसले, तर तिथले लोक गाडीसोबत उभे राहतील. पुढच्या निविदेचा मसुदा निघण्याआधी तो आम्हाला आणि नागरिकांना पाहायला मिळावा, आणि टनावरचा मोबदला त्यात पुन्हा येऊ नये.

आपले,
घनकचरा व्यवस्थापनात काम करणारे अभियंते, खतप्रकल्प चालक आणि संकलन पर्यवेक्षक